किनारा वाचवायचा म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

प्रश्न असा आहे: पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, वर्षागणिक अरुंद होत चालली आहे आणि उधाणाला पाणी वस्तीत शिरतं. उपाय म्हणून दगडी भिंत, काँक्रीटचे टेट्रापॉड, बाहेरून वाळू आणून टाकणं, कांदळवन लावणं, वस्तीच मागे नेणं, असं बरंच काही सुचवलं जातं. यातला खरा उपयोगी कोणता? आणि बंदर, मासेमारी, पर्यटन, शेती हे सगळं चालू ठेवून किनारा राखता येतो का?

किनारा-संरक्षणाच्या कामांत माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. किनारा राखता येतो. पण उपाय निवडण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: वाळू कुठून येत होती आणि ती कुठे अडली. या दोन प्रश्नांची उत्तरं हातात नसताना बांधलेली प्रत्येक गोष्ट हा अंदाजाने मारलेला दगड असतो, आणि किनाऱ्यावर चुकलेल्या दगडाची किंमत शेजारचं गाव मोजतं.

आधी एक गल्लत दूर करू. किनारा धुपणं आणि किनाऱ्यावर पूर येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. धुपीत जमीन जाते. पुरात पाणी येतं आणि ओसरतं. दगडांचा उतरता बंधारा लाटांचा मारा झेलतो, पण दगडांच्या फटींतून पाणी आत यायचं ते येतंच. भरतीची पातळी चढली की बंधाऱ्यामागची घरं भिजतात आणि लोक म्हणतात बंधारा फुकट गेला. तो बंधारा पुरासाठी नव्हताच. उलट मातीचा पक्का बांध पाणी अडवतो, पण समोरची वाळू जायची थांबवत नाही. एक दिवस त्याच्याच पायथ्याची माती जाते. त्यामुळे दर वर्षी जमीन जाते आहे, की जमीन जागेवर आहे आणि पाणी चढतं आहे, की दोन्ही, हे आधी ठरवा. तिसरी शक्यता लोक विसरतात: जमीनच खाली बसत असेल. तिच्याकडे पुढे येतो.

धूप ठरवतानाही घाई नको. खवळलेल्या ऋतूत पुळण अरुंद होणं ही बहुतेक किनाऱ्यांची नेहमीची चाल आहे. मोठ्या, पाठोपाठ येणाऱ्या लाटा वरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात आणि तिथे तिची लांबट आडवी रास घालतात. त्या राशीवर लाटा दूरच फुटतात, म्हणजे किनारा आपलीच वाळू पुढे टाकून आपला बचाव करत असतो. समुद्र शांत झाला की लांब पल्ल्याच्या मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. म्हणून वादळानंतरचा फोटो आणि शांत ऋतूतला फोटो शेजारी ठेवून 'इतके मीटर गेले' म्हणणं चूक. वेगवेगळ्या वर्षांतला एकच महिना आणि भरतीची एकच अवस्था घ्या, दहा-पंधरा वर्षांची उपग्रहचित्रं लावा, मग जे दिसेल ती खरी धूप.

आता वाळूकडे. लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरक्या येतात. पाणी वर चढताना वाळूचा कण तिरका सरकतो, उतरताना सरळ खाली येतो. एका लाटेत कण हातभर सरकला तरी वर्षभरात लाखो लाटा येतात, आणि कित्येक किनाऱ्यांवर दर वर्षी लाखो घनमीटर वाळू एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत जाते. नद्या, झिजणारे कडे आणि समुद्रतळ यांतून तिची भर पडते. समुद्रतळावरच्या खोल दऱ्या, खाड्यांची मुखं आणि वाऱ्याने उडून झालेल्या टेकड्या यांत ती खर्च होते. हा जमाखर्च जिथे जुळतो तिथे पुळण टिकते. माणूस किनाऱ्यावर जे काही करतो, ते या जमाखर्चात कुठेतरी हात घालतं.

सर्वांत मोठा हात बंदराचा. चेन्नईचं बंदर 1870 च्या दशकात सरळ उघड्या किनाऱ्यावर समुद्रात भिंती घालून बांधायला घेतलं. तिथली वाळू वर्षाच्या हिशेबात दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. भिंतींनी ती अडवली. दक्षिणेला साचत साचत मरीनाची प्रचंड रुंद पुळण झाली, आणि उत्तरेला रोयापुरमकडचा किनारा उपाशी पडून समुद्र आत घुसत गेला. तिथे दगड टाकले, मग त्याच्या उत्तरेला धूप, तिथे दगड, मग आणखी उत्तरेला. एका शहराची फिरायला जायची पुळण आणि त्याच शहरातल्या कोळीवाड्यांची गेलेली घरं या एकाच वाळूच्या दोन बाजू आहेत. बंदर नको असं मी म्हणत नाही. पण बंदराच्या एका बाजूला साचलेली वाळू उपसून दुसऱ्या बाजूला टाकत राहणं हा बंदर चालवण्याच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे, जसा क्रेनचा आणि गाळ काढण्याचा मानतात. तो पहिल्या दिवसापासून धरला तर पुढच्या गावांना भिंती मागायची वेळ येत नाही. माझ्या अनुभवात हा खर्च आराखड्यात लिहिलेला असतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुपचूप गळतो.

दुसरा हात धरणांचा, आणि तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे कुणाला दिसत नाही. नाईलवरचं अस्वानचं मोठं धरण 1970 मध्ये पूर्ण झालं आणि त्रिभुज प्रदेशाला येणारा गाळ जवळजवळ थांबला. नाईलच्या रशीद (रोझेटा) शाखेच्या मुखापाशी जमिनीचं टोक झपाट्याने मागे हटलं, शेवटी तिथे प्रचंड भिंती घालाव्या लागल्या. उलटा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 या काळात पाडली. अडकलेला गाळ मुखाशी पोचला आणि वर्षानुवर्षं झिजत असलेला तिथला किनारा पुन्हा पुढे सरकला.

तिसरा हात वाळूउपशाचा. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात हॉलसँड्स नावाचं मच्छीमारांचं गाव होतं. नौदलाच्या गोदीच्या विस्तारासाठी 1897 पासून त्याच्यासमोरच्या समुद्रातून लाखो टन गोटे उपसले. काढलेलं समुद्र भरून देईल, असं तेव्हा गृहीत धरलं होतं. पण ते गोटे कोणत्याही चालू प्रवाहातून येत नव्हते, हजारो वर्षांपूर्वीचा तो साठा होता. गावासमोरची पुळण काही मीटरनी उतरली, 1902 मध्ये उपसा बंद करावा लागला, आणि जानेवारी 1917 च्या वादळात गाव समुद्रात गेलं. हे उदाहरण मी प्रत्येक बैठकीत सांगतो, कारण 'समुद्र भरून देईल' हे वाक्य अजूनही ऐकू येतं.

आणि चौथा हात, जो सर्वांत साधा दिसतो: पुळणीच्या वरच्या अंगाला बांधकाम. तिथल्या वाळूच्या टेकड्या म्हणजे वादळासाठी राखून ठेवलेला साठा. त्यावर रस्ता, हॉटेल किंवा कंपाऊंड आलं की साठा कुलूपबंद झाला. वादळात किनाऱ्याला पुढे टाकायला वाळू उरत नाही, म्हणून लाटा थेट बांधकामाला भिडतात, आणि मग बांधकाम वाचवायला भिंत मागितली जाते. अनेक ठिकाणी धूप म्हणून जी तक्रार येते ती मुळात ही असते: किनारा होता तिथेच आहे, माणूस त्याच्या हलण्याच्या जागेत जाऊन बसला आहे.

आता भिंत. भिंतीला माझा सरसकट विरोध नाही. दाट शहर, रुग्णालय, मुख्य रेल्वेमार्ग समुद्राला लागून असेल आणि मागे सरायला जागाच नसेल तर भिंत लागते. टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन सप्टेंबर 1900 च्या चक्रीवादळात बुडालं. मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास धरतात. त्यानंतर 1902 ते 1904 या काळात सुमारे पाच किलोमीटरची आणि पाच मीटरहून उंच भिंत उभी राहिली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरं जॅकवर उचलून, खाली पाण्याबरोबर वाळू भरून शहराची जमीनच वर घेतली. 1915 च्या वादळात शहर टिकलं. भिंतीने आपलं काम केलं. पण भिंतीसमोरची पुळण अरुंद होत गेली, पायथ्याला दगड टाकावे लागले, पुढे किनाऱ्याला काटकोनात समुद्रात जाणारे आडवे बंधारे घालावे लागले आणि बाहेरची वाळूही आणावी लागली. भिंत मागची जमीन वाचवते. समोरची पुळण ती वाचवत नाही. ज्या किनाऱ्यावर होड्या वाळूवर ओढतात, मासळी सुकवतात, जाळी दुरुस्त करतात किंवा कासवं अंडी घालायला येतात, तिथे पुळण गेली की वाचवण्यासारखं निम्मं गेलेलंच असतं.

भिंत कशी पडते हेही समजून घ्या, कारण बहुतेक भिंती समोरून फुटत नाहीत. पहिलं कारण पायथा. लाट भिंतीवर आपटून उलटी फिरते आणि पायाजवळची वाळू उकरते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंत पुढे कलंडते. दुसरं कारण पाठीमागची माती. दगडांच्या थराखाली गाळणीचा थर किंवा जिओटेक्स्टाईल कापड नीट घातलं नसेल तर प्रत्येक लाटेबरोबर मागची माती फटींतून बाहेर येते, वर जमीन खचते आणि दगड त्या खड्ड्यात बसतात. बाहेरून भक्कम दिसणारा बंधारा दोन-तीन वर्षांत मोडतो तेव्हा मी सर्वांत आधी हे कापड शोधतो. बऱ्याचदा ते नसतंच, किंवा फाटलेलं असतं. तिसरं कारण टोकं. भिंत संपते तिथे समुद्र वळसा घालून मागे शिरतो, म्हणून टोक जमिनीत आत वळवून पुरावं लागतं. चौथं, वरून ओसंडणारं पाणी. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळात नेदरलँड्समधले बांध फुटले आणि 1,836 माणसं गेली. त्यातले कित्येक बांध समुद्राच्या बाजूने नव्हे, वरून सांडलेल्या पाण्याने आतला उतार घसरून फुटले होते. बांधाचा आतला उतार सौम्य आणि गवताने घट्ट बांधलेला असणं हे उंचीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याची तपासणी करायला कुणी सहसा जात नाही.

टेट्रापॉडबद्दल लोक फार विचारतात. हा चार पायांचा काँक्रीटचा ठोकळा 1950 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत तयार झाला, मोठे दगड मिळत नाहीत किंवा लाटा दगडांना दाद देत नाहीत अशा जागांसाठी. बंदराच्या लाटरोधकाच्या तोंडाशी तो उत्तम. उथळ, रेताड किनाऱ्यावर हौसेने रचले तर ते वाळूत रुततात, होड्या लावायची जागा खातात आणि माणसाला पाण्यापर्यंत जाऊ देत नाहीत.

किनाऱ्याला काटकोनात घातलेले आडवे बंधारे वाळू धरतात, यात शंका नाही. ती वाळू कुणाची होती एवढाच प्रश्न. इंग्लंडच्या होल्डरनेस किनाऱ्यावर हिमनदीने टाकलेल्या चिकणमातीचे कडे आहेत आणि ते वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर मागे जातात. मॅपल्टन या गावासाठी 1991 मध्ये दोन मोठे दगडी आडवे बंधारे घातले. गाव आणि रस्ता वाचला. गावाच्या दक्षिणेला काउडनकडच्या शेतांची झीज मात्र वाढली, कारण त्यांची वाळू उत्तरेला अडली होती. त्या किनाऱ्याची आणखी एक गंमत अशी की झिजणाऱ्या कड्यांतूनच पुढच्या स्पर्न हेडच्या लांब वाळूपट्टीला वाळू मिळते. सगळे कडे पक्के केले तर ती पट्टी उपाशी मरेल. म्हणजे एका ठिकाणची धूप ही दुसऱ्या ठिकाणचं अन्न असते, आणि सगळी धूप थांबवणं हे ध्येयच चुकीचं आहे.

वाळू कमी पडते आहे तर वाळूच द्या, हा विचार नेदरलँड्सनी सर्वांत नेटाने राबवला. 1990 मध्ये त्यांनी किनाऱ्याची एक आधाररेषा ठरवली आणि ती मागे गेली की समुद्रतळावरून वाळू आणून टाकायची, असं धोरण घेतलं. आता दर वर्षी साधारण 1.2 कोटी घनमीटर वाळू टाकली जाते. 2011 मध्ये दक्षिण हॉलंडच्या किनाऱ्यावर त्यांनी एकदम 2.15 कोटी घनमीटर वाळूचं एक द्वीपकल्पच केलं. त्याला 'सँड मोटर' म्हणतात. थोडी थोडी वाळू दर काही वर्षांनी टाकून समुद्रतळावरचे जीव पुन्हा पुन्हा गाडण्यापेक्षा एकदाच मोठी रास घालायची आणि पसरवण्याचं काम वारा-लाटांवर सोडायचं, ही त्यामागची कल्पना. मला हा उपाय मनापासून आवडतो, कारण तो किनाऱ्याच्या चालीने चालतो. पण त्याच्या अटी कडक आहेत. वाळूचा कण मूळ वाळूइतका किंवा किंचित जाड हवा. बारीक टाकली तर एका मोसमात वाहून जाते. वाळू इतक्या खोलीतून आणायला हवी की उपशाचा खड्डा किनाऱ्याच्या जमाखर्चात येणार नाही, नाहीतर पुढच्या खिशातून काढून मागच्या खिशात घातल्यासारखं होतं. आणि हे काम संपत नाही. ज्या यंत्रणेला दर पाच वर्षांनी पैसे मिळण्याची खात्री नाही तिने पहिल्या टप्प्याचं उद्घाटन करू नये.

टेकड्या आणि त्यांवरची झाडं हा याचाच स्वस्त भाग. उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर मर्यादवेल आणि खारं वारं सोसणारी गवतं वाळू धरून टेकडी वाढवतात; काटक्यांचं साधं कुंपण वाऱ्याला आडवं उभं केलं तरी त्याच्या पाठीमागे वाळू साचते. या वेलीवरून दिवसाला शंभर माणसं चालली की ती मरते, तिथे वारा खाच पाडतो, आणि उधाणाचं पाणी नेमकं त्या खाचेतून आत येतं. म्हणून पर्यटनाच्या किनाऱ्यावर खांबांवर उचललेली लाकडी पायवाट हे माझ्या दृष्टीने संरक्षणाचंच काम आहे, आणि ते भिंतीच्या तुलनेत किरकोळ खर्चात होतं. सुरूची झाडं अगदी पुढे, पुळणीच्या काठावर लावण्याची मात्र चूक करू नये. त्यांच्याखाली वेल-गवत उगवत नाही, मुळं उथळ राहतात आणि वादळात वाळूचा उभा कडा तयार होऊन रांगच्या रांग आडवी होते.

कांदळवनाबद्दल उत्साह खूप आहे आणि तो रास्तही आहे, पण आकडे नीट वाचले पाहिजेत. शंभर मीटर रुंदीचं कांदळवन लाटांची उंची साधारण 13 ते 66 टक्के कमी करतं, हा निष्कर्ष अनेक ठिकाणच्या मोजमापांवरून आला आहे. वादळाबरोबर समुद्राची जी अख्खी पातळी चढते तिच्यावर त्याचा परिणाम बराच कमी, दर किलोमीटरमागे सुमारे 5 ते 50 सेंटिमीटर. म्हणजे अरुंद पट्टा लाटा मोडतो, पण पूर अडवायला काही किलोमीटरचं जंगल लागतं. शिवाय कांदळवन खाडीत, गाळाच्या आडोशाच्या जागी जगतं. उघड्या रेताड किनाऱ्यावर, जिथे लाटा फुटतात, तिथे रोपं लावणं म्हणजे रोपं मारणं. रोपांची संख्या जाहीर करण्यापेक्षा जिथे ते वन पूर्वी होतं तिथला भरतीच्या पाण्याचा येण्याजाण्याचा मार्ग मोकळा करावा. बिया पाण्याबरोबर स्वतः येतात. इंडोनेशियात जावाच्या डेमाक भागात कोळंबीच्या तळ्यांसाठी कांदळवन तोडलं आणि समुद्र गावांत शिरला. तिथे काटक्या-फांद्यांचे झिरपते बांध घालून गाळ अडवण्याचा चांगला प्रयोग झाला. काही ठिकाणी गाळ साचला, रोपं आली. पण जमिनीखालचं पाणी उपसल्यामुळे अख्खा भाग खाली बसत होता आणि गाळ साचण्याचा वेग त्याला पुरा पडेना.

इथे ती तिसरी शक्यता येते. 1901 ते 2018 या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर चढली. 2006 नंतरच्या बारा वर्षांत वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरपर्यंत गेला. हे गंभीर आहेच. पण भूजल उपसणाऱ्या किनारी शहरांत जमीन वर्षाला कित्येक सेंटिमीटर बसू शकते, म्हणजे समुद्र चढण्याच्या अनेक पट. टोकियोच्या पूर्वेकडच्या सखल भागात जमीन काही ठिकाणी चार मीटरांहून अधिक खाली गेली होती. भूजल उपशावर निर्बंध आले आणि 1970 च्या दशकात हे बसणं बहुतांशी थांबलं. खचलेली जमीन परत वर आली नाही, बांध कायमचे गळ्यात पडले. पण पुढचं नुकसान टळलं, आणि तेही एक दगड न टाकता. तुमच्या भागात बोअरवेलवर कारखाने किंवा तळी चालत असतील तर जमिनीची पातळी आधी मोजून घ्या.

बांधाआडच्या शेतजमिनीचंही असंच. बांगलादेशच्या नैऋत्य किनाऱ्यावर 1960 च्या दशकात मोठे गोल बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलं. भातशेती वाढली. पण भरतीबरोबर येणारा गाळही बाहेर राहिला. नद्या गाळाने भरून उंच झाल्या, आतली जमीन घट्ट होऊन खाली गेली, पावसाचं पाणी बाहेर पडेना. 1990 मध्ये बील डाकातिया या सखल पाणथळ भागातल्या लोकांनी स्वतः बांध कापून भरती आत घेतली. गाळ आत येऊन जमीन उंचावते आणि नदीही खोल होते, हे त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने माहीत होतं. अभियंत्यांनी ते नंतर आपल्या पद्धतीत घेतलं. किनाऱ्यावरच्या बैठकीत जुन्या माणसांना बोलतं करा असं मी सांगतो ते याचसाठी.

खाडीच्या तोंडावरचे हलते दरवाजे हा श्रीमंत शहरांचा मार्ग. 1953 नंतर नेदरलँड्सना पूर्व शेल्ड खाडी कायमची बंद करायची होती. मच्छीमार, शिंपलेवाले आणि निसर्गप्रेमी यांनी जोरदार विरोध केला, म्हणून 1986 मध्ये 62 दरवाज्यांचा असा बंधारा झाला जो एरवी उघडा राहतो आणि वादळातच बंद होतो. व्हेनिसचे 78 दरवाजे ऑक्टोबर 2020 मध्ये पहिल्यांदा पुराच्या वेळी वर आले आणि शहर कोरडं राहिलं. अडचण अशी की समुद्र जसजसा चढेल तसतसे ते अधिक वेळा बंद करावे लागतील, आणि बंद दरवाज्यांमागे आतल्या खाडीचं पाणी बदलत नाही, जहाजंही थांबतात.

मागे सरणं हा शब्द काढला की सभा तापते, आणि त्यात चूक काही नाही. घर सोडायला कुणाला आवडेल? पण मागे सरण्याचे प्रकार आहेत. इंग्लंडमधल्या मेडमेरीत गोट्यांची रास दर हिवाळ्यात बुलडोझरने परत रचावी लागे. तिथे आतल्या बाजूला सात किलोमीटरचा नवा बांध घालून सप्टेंबर 2013 मध्ये जुनी रास मुद्दाम फोडली. मधल्या जमिनीत खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येणारी गवताळ दलदल, तयार झालं, ते लाटा मोडतं, तिथे गुरं चरतात, आणि मागची गावं आधीपेक्षा सुरक्षित आहेत. हे मागे सरणं यशस्वी झालं, कारण आधी नवा बांध झाला आणि मग जुना फोडला. वेल्समधल्या फेअरबर्नमध्ये उलट घडलं: 2054 च्या सुमारास बचाव थांबवायचा, असं नियोजनात आधी जाहीर झालं आणि लोकांचं पुढे काय, हे ठरलंच नव्हतं. घरांच्या किमती कोसळल्या आणि लोक अडकले. फिजीतलं वुनिडोगोलोआ गाव 2014 मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत गेलं. गावकऱ्यांनी ते स्वतः मागितलं होतं, तरी समुद्र दूर गेल्याने रोजच्या मासेमारीची सवय मोडली. जागा, कर्ज, रोजगार आणि होड्यांचा तळ या चारही गोष्टी कागदावर येईपर्यंत वस्ती हलवण्याची तारीख कुणी जाहीर करू नये. नव्या बांधकामाचं तसं नाही. तिथे मागची रेषा आखणं सोपं आहे. उत्तर कॅरोलायनाने 1985 मध्येच उघड्या समुद्रकिनाऱ्यावर पक्क्या भिंतींना बंदी केली. तिथल्या केप हॅटरसच्या विटांच्या दीपगृहाजवळ समुद्र पोचला तेव्हा 1999 मध्ये ते दीपगृह उचलून सुमारे 880 मीटर मागे नेण्यात आलं.

पुरातून जीव वाचवण्याचं सर्वांत स्वस्त काम मात्र यातल्या कशातच नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. उथळ उपसागरात वारा त्यावर मीटरमीटरने पाणी रचतो, आणि ही वाढ भरतीच्या वेळी आली की बांध हरतात. आजच्या बांगलादेशात 1970 च्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली. 2007 च्या सिडरमध्ये सुमारे 3,400. ही संख्याही मोठीच आहे, पण हा फरक भिंतींनी पडला नाही. उंच निवारे, स्वयंसेवकांची गावोगाव पोचणारी फळी आणि वेळेवर इशारा यांनी पडला. उलट जपानमधल्या तारो इथे त्सुनामीसाठी दहा मीटर उंच भिंत होती. 2011 मध्ये पाणी तिच्यावरून आलं, आणि भिंतीवर विसंबून काही लोक थांबून राहिले होते. भिंत कितीही उंच असो, पळण्याची वाट आणि तिचा सराव चालूच हवा.

तर प्रत्यक्ष काय करायचं? सुरुवात मोजण्यापासून करा. पुळणीवर चार-पाच ठिकाणी पक्क्या खुणा रोवा आणि दर महिन्याला त्याच भरतीला वाळूची पातळी मोजा. शाळेची मुलं हे उत्तम करतात आणि दोन वर्षांत तुमच्याकडे असा पुरावा जमतो जो कोणत्याही कार्यालयात चालतो. वाऱ्या-लाटांच्या दिशेनुसार वाळू कोणीकडे जाते ते पाहा आणि ती ज्या बाजूने येते तिकडे गेल्या तीस वर्षांत काय नवं झालं त्याची यादी करा: बंदर, जेट्टी, धरण, उपसा, खाडीचं वळवलेलं तोंड. बऱ्याचदा धुपीचं कारण त्या यादीत सापडतं, आणि मग मागणी भिंतीची न राहता अडलेली वाळू पुढे टाकण्याची होते. किनारा कोण कसा वापरतं त्याचा नकाशा करा, त्यात होड्या ओढायच्या जागा आणि मासळी वाळवायची खळी आधी लिहा, कारण सातबाऱ्यासारख्या कागदांवर त्या नसतात आणि बांधकामात सर्वांत आधी त्याच जातात. तातडीने एखादं घर किंवा रस्ता वाचवायचा असेल तर मोठ्या जिओबॅग, म्हणजे वाळू भरलेल्या जाड कापडी पिशव्या, टाका. त्या काढता येतात, दगड काढता येत नाहीत. पण त्यांना मुदत घाला.

आणि कुणी पक्क्या बांधकामाचा आराखडा घेऊन आलं तर चार गोष्टी विचारा. पाया वादळात वाळू जिथवर उतरते त्याच्या खाली आहे का? मागे गाळणीचं कापड कुठलं आणि ते बसवताना तपासणार कोण? भिंत जिथे संपते त्याच्या पुढच्या दोन-तीन गावांचं काय होईल, याचं गणित केलं आहे का, आणि त्या गावांना बैठकीला बोलावलं आहे का? शिवाय पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे कोणत्या खात्यातून येणार, ते लेखी द्या. शेवटच्या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळेपर्यंत संमतीची सही करू नका.